आत काय आहे?

मार्चअखेरीस माझ्या हातून एक चूक झाली. वेताळ टेकडी उतरून आम्ही सात जण रोजच्या टपरीवर चहा पीत उभे होतो. ऊन चढलं नव्हतं, टपरीवाल्यानं आलं सढळ हातानं घातलं होतं, आणि त्या भरात मी बोलून गेलो, "या की एकदा घरी. सहज."

"सहज म्हणजे?" पाटबंधारे म्हणाले.

आमच्यात आडनावं चालत नाहीत. जो ज्या खात्यातून निवृत्त झाला, ते खातं त्याला चिकटलं. पाटबंधारे, विमा, टेलिफोन, ऑडिट, जिल्हा परिषद आणि प्राध्यापक. मी बँक.

"सहज म्हणजे सहज. निमित्त काही नाही."

"वाढदिवस?"

"नाही."

"फ्लॅट विकताय?" हे ऑडिट. उभी हयात दुसऱ्याच्या व्हाउचरमध्ये गेलेला माणूस. त्याला निमित्ताशिवायचा खर्च म्हणजे आक्षेपार्ह बाब.

"अहो, संध्याकाळी या, गप्पा मारू, काहीतरी तोंडात टाकू आणि..."

"आणि?"

"आणि बघू."

'आणि बघू' सगळ्यांना समजलं. मग पुढचा प्रश्न आला, "खाणारे किती?" पुण्यात "तुम्ही खाता का?" असं कोणी विचारलं, तर "काय?" असं उलट विचारायचं नसतं. ह्या वाक्यातलं कर्म गाळलेलं असतं आणि ते सर्वांना पाठ असतं. तसंच "घेता का?"चं. आमच्यात पाटबंधारे आणि जिल्हा परिषद हे सरसकट खाणारे. ऑडिट शनिवार सोडून, विमा आणि टेलिफोन गुरुवार सोडून. प्राध्यापक खात नाहीत. अंडं मात्र केकमधलं चालतं, कारण ते दिसत नाही.

तारीख ठरवायला घरी कालनिर्णय काढलं. १९७३ पासून ते महाराष्ट्राच्या भिंतीवर आहे, आणि त्याची रचना मला नेहमीच मार्मिक वाटत आली आहे. पुढच्या बाजूला उपवास, मागच्या बाजूला पाककृती. मी पुढची बाजू घेऊन बसलो. सोमवार शंकराचा, मंगळवार गणपतीचा, गुरुवार दत्ताचा, शनिवार मारुतीचा. रविवार आमच्यात कोणी पाळत नाही, पण रविवारी ज्याच्या त्याच्या घरी ज्याचं त्याचं मटण असतं. शुक्रवारी टेलिफोनची नातवंडं येतात. उरला बुधवार. त्यातून दोन एकादश्या, एक संकष्टी, हनुमान जयंती, दोन लग्नं आणि विम्यांची काशीयात्रा वजा जाता मे महिन्यातला तिसरा बुधवार हाती आला. 'सहज या' म्हटल्यापासून सात आठवड्यांनी.

आता खायला काय? इथं आमची मुलगी शिरली. ती अटलांटाला असते. "बाबा, सोप्पंय. इथे कोणी यायचं असलं की सगळे हेच करतात. बिस्किटात मांस आणि चीज भरायचं, भाजायचं आणि टोपलीत ठेवून द्यायचं. लोक येता-जाता उचलतात. ताटल्या नकोत, चमचे नकोत."

"बिस्किटात कसं भरू? पार्ले-जी मधोमध चिरू?"

"अरे, तुला माहितीय ते बिस्कीट नाही. इथलं वेगळं असतं. वरून खुसखुशीत, आतून मऊ, यीस्ट न घातलेल्या पावासारखं. बेकिंग पावडरवर फुगतं."

"मग त्याला बिस्कीट का म्हणतात?"

"बाबा, मला मीटिंग आहे."

मी शोधलं. ह्या शब्दाच्या मुळाशी जे लॅटिन आहे, त्याचा अर्थ 'दोनदा भाजलेलं'. ह्या हिशेबानं आपल्या बेकरीतला टोस्ट हेच खरं बिस्कीट, कारण तो आधी पाव म्हणून भाजतात आणि मग कापून पुन्हा भाजतात. त्याला आपण बिस्कीट म्हणत नाही. अमेरिकेत जे एकदाच भाजतात, त्याला तिथे बिस्कीट म्हणतात. इंग्रज त्याच्या जवळपासच्या पदार्थाला स्कोन म्हणतात आणि बिस्कीट म्हणून वेगळंच काही चहात बुडवतात. त्यांच्या श्रूजबरी गावाच्या नावाचं बिस्कीट तर पुण्याच्या कॅम्पात, कयानी बेकरीत १९५५ पासून पुणेकरांना रांगेत उभं करतंय. त्या गावातल्या किती लोकांना हे ठाऊक असेल देव जाणे.

घोटाळा इथं थांबला नाही. मुलीनं सांगितलेल्या यादीत पहिलीच ओळ होती, 'बटर, थंडगार, पाव किलो.' मी यादी ओट्यावर ठेवून फिरायला गेलो. परत येतो तो आईनं खालच्या बेकरीतून पाव किलो बटर मागवून ठेवलेले. जिरं घातलेले, गोल, भिंतीवर मारला तर गिलावा पडेल असे. पुण्यात बेकरीत बटर मागितलं की हेच मिळतं. आई चौऱ्याऐंशीची आहे. "थंड होते की नाही ते पाहिलं नाही हो," ती म्हणाली, "पण ताजे आहेत."

आई खात नाही. पण करण्याबद्दल तिला मत आहे, आणि ह्या सगळ्या उद्योगात शेवटी तिचंच चाललं. हे मी आत्ताच सांगून टाकतो, कारण पुढे मी श्रेय घेण्याचा संभव आहे.

पहिल्या तालमीला मी मैद्यात बेकिंग पावडर आणि मीठ चाळून घेतलं आणि बटर चुरायला बसलो. कृतीत लिहिलं होतं की बटरचे तुकडे हरभऱ्याच्या डाळीएवढे राहिले पाहिजेत. हे लिहिणाऱ्यानं पुण्यातला मे पाहिलेला नाही. बाहेर पारा एकोणचाळीस. माझ्या बोटांत तुकडे राहिले ते दीड मिनिट, मग सगळ्याचा मिळून नानकटाईचा गोळा झाला. आई चष्म्यातून पाहत होती.

"मोहन घालतोयस ना? मग कडकडीत का नाही?"

"आई, हे थंड घालायचं असतं."

"थंड मोहन?" तिनं हिच्याकडे, म्हणजे माझ्या बायकोकडे, अशा नजरेनं पाहिलं की बँकेत हा इतकी वर्षं टिकला कसा.

पण त्यामागे कारण आहे, आणि ते कळल्यावर मला बरं वाटलं. आपलं मोहन कडकडीत घालतात ते पीठ सगळीकडून सारखं माखलं जावं आणि करंजी खुसखुशीत व्हावी म्हणून. अमेरिकनांना पीठ माखायचंच नसतं. बटरमध्ये साधारण सोळा टक्के पाणी असतं. थंड बटरचे तुकडे पिठाच्या घडीत तसेच राहिले, तर ओव्हनच्या २२० अंशांत त्या पाण्याची एकदम वाफ होते आणि ती पदर उचलते. तुपात पाणी नाही, म्हणून नानकटाई तोंडात विरघळते पण तिला पदर सुटत नाहीत. मी हे आईला समजावून सांगितलं. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मग चिरोटाच आहे की तो. साटं बाहेरून लावायच्याऐवजी आत सोडलंय. बटर गोठवून किसणीवर किस, हात लावू नकोस, आणि लाटून तीन घड्या घाल."

मुलीनं पाठवलेल्या व्हिडिओतल्या बाईनंही पुढे हेच सांगितलं होतं. मी तिथपर्यंत पोचलो नव्हतो.

दुसऱ्या तालमीत ताक चुकलं. कृतीत ताक दोन वाट्या होतं, मी ओतलं, आणि पिठाची भज्यांची तयारी झाली. अमेरिकेत बाटलीतून मिळणारं ताक विरजलेलं आणि दाट असतं. आपलं ताक हे मुळात पाणीच, दह्याची आठवण असलेलं. त्या दिवशी आम्ही कांदाभजी खाल्ली. तिसऱ्या खेपेला दही फेटून घातलं आणि जमलं.

चौथ्या तालमीत चीज फुटलं. मुलीनं चेडर सांगितलं होतं, मी हट्टानं चांगलं चेडर आणलं, आणि भाजताना त्याचं तेल सुटून ट्रेभर पसरलं. आपलं निळ्या डब्यातलं क्यूबवालं चीज ह्या कामाला सरस निघालं. त्यात घातलेल्या क्षारांमुळे ते वितळलं तरी स्निग्धांश सोडत नाही, जागच्या जागी घट्टसर राहतं. आईचं निदान निराळं होतं. "सारण जास्त भरलंस. करंजी फुटते ती सारणानं नाही, हावरटपणानं फुटते. कडेला दुधाचं बोट लाव आणि कातण्यानं काप." कातणं फडताळाच्या तळाशी होतं, दिवाळीपासून वर्तमानपत्रात गुंडाळलेलं. त्यानं खिम्याची बिस्किटं कापायला आईनं आधी नकार दिला आणि मग म्हणाली, "कापायचं ते पीठच ना. खिमा आत आहे."

खिम्यासाठी मी कॅम्पात शिवाजी मार्केटला गेलो. कोथरूडला मटण मिळत नाही असं नाही, पण कोथरूडला मटणाच्या दुकानासमोर ओळखीचं माणूस भेटतं. आम्ही खातो हे सगळ्या सोसायटीला माहीत आहे. पण पिशवी हातात असताना भेटणं वेगळं.

"खिमा कशाला? कबाब की रस्सा?" दुकानदारानं विचारलं.

"बिस्किटाला."

सुरी थांबली. त्यानं मागच्या माणसाला हाक मारून माझी ऑर्डर मोठ्यानं सांगितली, बहुधा साक्षीदार असावा म्हणून. मग त्याच्यातला कारागीर जागा झाला. "मग दोनदा काढून देतो, साहेब. बारीक लागेल. आणि चरबी कमी ठेवतो, नाहीतर तुमचं बिस्कूट ओलं होईल." ही सूचना कुठल्याही कृतीत नव्हती आणि तीच सगळ्यात मोलाची निघाली. खिमा आलं-लसूण-हिरवी मिरची घालून, पाणी पार आटवून कोरडा केला नाही, तर खालचा पदर कच्चा राहतो. कॅफे गुडलकमध्ये खिमा पावाबरोबर खातात तो ओलसर असतो, कारण पाव टिपून घेतो. बिस्कीट टिपत नाही, रुसतं.

आमच्या घरी खिम्याचं पातेलं स्वतंत्र आहे आणि त्याची शेगडी बाल्कनीत. बुधवारी सकाळी बाल्कनीत खिमा शिजला. आई दाराशी खुर्ची टाकून बसली होती, वारा कुठून येतो ते बघून.

"तुम्ही उन्हाळ्यात बेकरीत नानकटाई करायला जायचात, तिथे काय भाजायचे?" मी विचारलं.

शनिवार पेठेत असताना आई आणि शेजारणी सुट्टीत मैदा, तूप, पिठीसाखर डब्यात भरून बेकरीत न्यायच्या. कारागीर समोर मळून, वळून, ट्रेवर ज्याच्या त्याच्या नावाची चिठ्ठी ठेवून भट्टीत घालायचा. बायका बाकावर रांगेनं बसायच्या. घरी येताना डबा गरम, आणि निम्मी नानकटाई वाटेतच आम्हा पोरांच्या पोटात.

"काय म्हणजे? सगळं भाजायचे. खिमा पॅटीससुद्धा."

"त्याच भट्टीत?"

"भट्टी एकच होती."

"मग तुम्हाला चालायचं?"

"आम्ही तिकडे पाठ करून बसायचो," आई म्हणाली.

बुधवारी दुपारी चार वाजता वळीव आला. कोपऱ्यावरचा गुलमोहर तारांवर आडवा झाला आणि वीज गेली. ओव्हन विजेवरचा. पावणेसात वाजता मी सहा फोन केले. वीज आली रात्री अकराला, आणि 'सहज' उद्यावर गेलं. उद्या गुरुवार होता.

"आम्ही येतो," विमा म्हणाले, "पण आमचं ते प्राध्यापकांबरोबर." टेलिफोनही तेच म्हणाले. म्हणजे मका-ढोबळी मिरची-चीज भरलेली बारा शाकाहारी बिस्किटं तीन जणांना, आणि खिम्याची सोळा उरलेल्यांना. हिशेब बसत होता. फरक कळावा म्हणून मी युक्ती काढली. खिम्याच्या बिस्किटांवर कलौंजी लावायची, शाकाहारी बिस्किटांवर तीळ. खिम्याच्या सोळांवर मी कलौंजी भुरभुरली, "बाकीच्यांना तू तीळ लाव" म्हणून हिला सांगितलं आणि अंघोळीला गेलो.

पांढरे तीळ संपले होते. हिनं काळे लावले.

साडेसात वाजता अठ्ठावीस सोनेरी, टम्म, पदर सुटलेली बिस्किटं दोन थाळ्यांत समोर आली. इतकी देखणी वस्तू माझ्या हातून पूर्वी झालेली नाही. मी चष्मा लावला, काढला, पुन्हा लावला. काळे तीळ आणि कलौंजी यांत फरक आहे. तीळ चपटा आणि थेंबासारखा, कलौंजी कोनदार आणि खडबडीत. हा फरक साठीनंतर, पिवळ्या दिव्याखाली, भाजलेल्या पिठावर दिसत नाही.

"तीळ म्हणालात, तीळ लावले," ही म्हणाली. आणि ते बरोबरच होतं.

"काळे तीळ?" प्राध्यापकांनी थाळी जरा लांब सरकवली. "श्राद्ध कोणाचं आहे?"

"पाकिटावर सरकार किती सोय करून देतं पाहा," ऑडिट म्हणाले. "शाकाहाराला हिरवा ठिपका. मांसाहाराला आधी तपकिरी ठिपका होता, आता तपकिरी त्रिकोण केलाय, ज्यांना रंग कळत नाहीत त्यांच्यासाठी. तुम्ही खिम्याची त्रिकोणी का नाही केलीत?"

ह्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं, अजून नाही. आईलाही ते सुचलं नव्हतं, एवढंच समाधान.

"फोडून बघू," जिल्हा परिषदेनं मार्ग काढला. आणि मग त्या संध्याकाळी माझ्या दिवाणखान्यात जे झालं, त्याला खाणं म्हणता येणार नाही. ती तपासणी होती. सात वयस्क माणसं, प्रत्येकाच्या हातात एक बिस्कीट, मधोमध मोडलेलं, दिव्याकडे धरलेलं. मधून चीजची तार लोंबते आहे आणि तिच्याआड काय आहे ते दिसत नाही. "पिवळं दिसतंय." "चीज पिवळंच असतं." "हिरवं आहे, ढोबळी मिरची." "खिम्यातली कोथिंबीर असेल." प्राध्यापकांनी वास घेतला. मग विचारलं, "वरून अंडं लावलंय का?" दूध लावलंय, म्हटलं. "आणि चीज कशानं गोठवतात? पूर्वी वासराच्या पोटातलं रेनेट वापरायचे म्हणे." मी डबा आणून हिरवा ठिपका दाखवला आणि आपल्याकडे ते सूक्ष्मजीवांपासून केलेलं वापरतात हे सांगितलं. ते डब्यावरचं सगळं वाचून काढेपर्यंत त्यांचं बिस्कीट निवलं.

आपल्याकडे भरलेले पदार्थ काय कमी आहेत? करंजी, मोदक, पुरणपोळी, कचोरी. पण मोदकाला कोणी "आत काय आहे?" म्हणून विचारत नाही. आत खोबरं-गूळ आहे हे पिढ्यान्‌पिढ्या ठरलेलं आहे. अमेरिकेत माणसं टोपलीतून येता-जाता उचलतात म्हणे. तिथे आत काहीही निघालं तरी फक्त चव बदलते. इथे वार बदलतो.

तेवढ्यात विम्यांनी एक मोडलं, अर्धं तोंडात टाकलं आणि डोळे मिटले. मला दिसत होतं. खिमा होता.

"विमा, थांबा," मी म्हणालो, "ते खिम्याचं आहे."

"काय सुंदर झालंय हो," विमा म्हणाले. "सोयाबीन ना?"

"सोयाबीन नाही. खिमा."

"हल्ली सोयाबीन इतकं हुबेहूब करतात," विमा टेलिफोनकडे वळून, माझ्यापेक्षा दोन पट्ट्या वर आवाज चढवून म्हणाले, "की माणूस फसेल. घ्या, टेलिफोन, ह्या बाजूची घ्या. ही सोयाबीनची आहेत."

टेलिफोननं माझ्याकडे पाहिलंच नाही. घेतलं.

ह्यावर इतिहासाच्या प्राध्यापकानं गप्प बसणं शक्य नव्हतं. "पुण्यात हे पहिल्यांदा होत नाही," ते म्हणाले आणि त्यांनी पंचहौद मिशनची गोष्ट काढली. आपल्याला शाळेत ती 'ग्रामण्य', म्हणजे जातबहिष्काराचा तंटा, ह्या एका शब्दात शिकवतात आणि शब्द पाठ होतो, मजा निघून जाते. १८९० चा ऑक्टोबर. पंचहौद मिशनमध्ये पुण्यातल्या प्रतिष्ठितांना व्याख्यानाच्या निमित्तानं बोलावलं. रानडे होते, टिळक होते. व्याख्यान झाल्यावर यजमानांनी चहा-बिस्किटं पुढे केली. कोणी घेतलं, कोणी नुसतं पुढ्यात राहू दिलं. विषय तिथेच संपायचा. पण गोपाळराव जोशी, डॉ. आनंदीबाई जोशींचे पती, ह्यांनी उपस्थितांची नावं 'पुणे वैभव' पत्रात छापून आणली. मग सनातनी मंडळी शंकराचार्यांकडे गेली, चौकशी बसली, टिळकांना घरच्या कार्याला भटजी मिळणं मुश्कील झालं. टिळकांनी सांगितलं, आपण काशीला प्रायश्चित्त घेतलेलं आहे. रानड्यांनी १८९२ मध्ये घेतलं आणि त्यांचे सुधारक मित्रच त्यांच्यावर नाराज झाले. रमाबाई रानड्यांनी आपल्या आठवणींत हे सगळं लिहून ठेवलं आहे. एका कप चहापायी गाव दोन वर्षं पेटलेलं.

"आणि त्याआधी मुंबईत परमहंस सभा," प्राध्यापक रंगात आले. त्यांच्या हातातलं मक्याचं बिस्कीट तासाभरात दोन घास कमी झालं होतं. "१८४९ ची. गुप्त. सभासद व्हायचं तर ख्रिश्चनानं भाजलेला पाव खायचा. बरीच वर्षं गुपचूप पाव खाल्ला, कोणाचं काही बिघडलं नाही. १८६० च्या सुमाराला सभासदांच्या नावांची यादी चोरीला गेली, आणि सभा संपली."

"म्हणजे खाण्यानं काही होत नाही," ऑडिट म्हणाले. "यादीनं होतं."

"पंचहौद कुठे आलं हो?" टेलिफोननं तोंडातला घास संपवून विचारलं.

"गुरुवार पेठेत," प्राध्यापक म्हणाले. "पूर्वीची वेताळ पेठ."

विम्यांना ठसका लागला. पाणी दिलं. मग 'आणि बघू' मधलं जे बघायचं होतं ते बघून झालं. जिल्हा परिषदेनं निर्णय दिला की बिस्कीट चांगलं आहे, पण त्यांच्या आईच्या खिमा पॅटिसची सर नाही. ते सीकेपी. त्यांच्या घरी ओव्हन यायच्या आधीपासून वर-खाली निखारे ठेवून भानोलं भाजत, त्यामुळे भाजण्याच्या बाबतीत त्यांच्यापुढे मी बोलत नाही. साडेनऊला आई बाहेर आली, थाळ्या पाहिल्या. अठ्ठावीसपैकी एक उरलं होतं, मक्याचं. तिनं ते उचललं, मोडलं नाही, तसंच खाल्लं.

"मीठ कमी आहे," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी टेकडीवर विमा आले नाहीत. टेलिफोन आले, पण आमच्यापासून वीस पावलं पुढे चालत होते. झालं होतं असं, की रात्री पावणेनऊला, आम्ही १८९० मध्ये असताना, पाटबंधाऱ्यांनी एक फोटो काढला आणि खाली 'बँकेकडची खिमा-चीज बिस्किटं, अप्रतिम!' असं लिहून टाकून दिला. टाकायचा होता आमच्या टेकडीच्या ग्रुपवर. पडला त्यांच्या सोसायटीच्या ग्रुपवर. विमा आणि टेलिफोन त्याच सोसायटीत राहतात. फोटोत विम्यांचा उजवा हात स्पष्ट आहे, बोटात पुष्कराज, गुरुसाठी घातलेला, आणि दोन बोटांत धरलेलं मोडकं बिस्कीट. चीजची तार तुटलेली. आत काय आहे ते पहिल्यांदाच इतकं स्वच्छ दिसत होतं.

विम्यांचा फोन दुपारी आला. घरी त्यांनी सोयाबीन सांगून पाहिलं होतं. ते चाललं नाही, कारण खाली लिहिलेलं होतं. मग त्यांनी सांगितलं की आपण एप्रिलमध्येच काशीला जाऊन आलो आहोत, आणि ते पुढे सहा महिने पुरतं. हे त्यांना आदल्या संध्याकाळीच सुचलं असणार. ते चाललं.

पाटबंधाऱ्यांना कोणी काही बोललं नाही. फोटो त्यांनीच काढलेला, त्यामुळे ते फोटोत नाहीत. खिम्याची सोळा होती, त्यातली सहा त्यांनी खाल्ली. मी मोजली आहेत.